सिझरनंतरचे सहा आठवडे: नाशिकमधील एका बाळंतिणीचे प्रकरण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाल्याची नोंद आहे. म्हणजे चारातली एक बाई पोटावर छेद घेऊन घरी येते. तरी घरची तयारी बहुतेक वेळा जुन्या बाळंतपणाचीच असते: खाली गादी, शेगडी, घट्ट बांधलेले पोट आणि पाण्यावर बंधन. दवाखाना टाके पाहतो आणि घर बाळाकडे पाहते. ती अंथरुणातून उठते कशी, सलग झोपते किती, संडासला बसू शकते का, हे विचारायचे कुणाचेच काम नसते.

पुढच्या प्रकरणात तिला झालेल्या त्रासातला थोडाच भाग छेदाचा होता. बराचसा त्रास छेदाभोवतीच्या व्यवस्थेतून आला आणि ती व्यवस्था बदलल्यावर कमी झाला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

वय २७, पहिलेच बाळंतपण. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला कामाला, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू. नवरा सातपूरला मशीन शॉपमध्ये, पाळ्या दर आठवड्याला बदलणाऱ्या. सिडकोत दुसऱ्या मजल्यावर भाड्याचे घर, लिफ्ट नाही. सासूबाई सोबत, पण त्यांचे गुडघे गेलेले. माहेर निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका खासगी प्रसूतिगृहात १४ तास कळा दिल्यानंतर बाळाचे ठोके उतरू लागले आणि तातडीने सिझर करावे लागले. पाठीतून भूल, आडवा छेद, विरघळणारे टाके. मुलगी झाली, वजन २ किलो ९०० ग्रॅम. आईचे रक्त (हिमोग्लोबिन) ऑपरेशनआधी ९.८ होते, तिसऱ्या दिवशी ८.६. शरीरयष्टी जाड, त्यामुळे बसल्यावर पोटाची घडी बरोबर छेदावर येई. लांबलेल्या कळांनंतरचे सिझर, कमी रक्त आणि छेदावर येणारी घडी या तिन्ही गोष्टींनी जखम चिघळण्याचा धोका वाढतो. चौथ्या दिवशी सुट्टी देताना तिन्ही माहीत होत्या. कार्डावर मात्र पाच दिवसांचे अँटिबायोटिक, लोहाची गोळी, कॅल्शियम, ‘पॅरासिटामॉल एसओएस’ आणि ‘१५ दिवसांनी दाखवणे’ एवढेच होते.

पहिला निर्णय: सुट्टीनंतर कुठे जायचे

यावर घरात चर्चा अशी झालीच नाही. पहिले बाळंतपण माहेरी, हे ठरलेलेच होते. पाचव्या दिवशी गाडीने तास-सव्वा तासाचा प्रवास करून ती निफाडकडे गेली.

निर्णय वाईट नव्हता, पण महिना आडवा आला. डिसेंबरमध्ये बागेत थिनिंग (घडातले मणी विरळ करणे) आणि डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) सुरू असते, भुरी-डावणी या बुरशीच्या रोगांवरच्या फवारण्या मागे लागलेल्या असतात. एक दिवस हुकला तरी माल हातचा जातो. आई पहाटे लेकीसाठी भाकरी करून, बाळाला न्हाऊ घालून आठला बागेत जाई आणि अंधार पडताना परते. वहिनीही मजुरांसोबत बागेतच. दिवसभर ओल्या बाळंतिणीजवळ कोण, तर ऐंशीच्या घरातली आजी. फवारणी करून आलेली माणसे कपडे न बदलता बाळ उचलत, तो मुद्दा वेगळाच.

‘माहेर की सासर’ यापेक्षा ‘सकाळी आठ ते संध्याकाळी सात तिच्या हाताशी कोण’ हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. त्याचे उत्तर मिळाले असते, तर माहेरी जाऊनही एखादी मावशी किंवा आत्या बोलावून घेता आली असती.

अडचण कशी वाढत गेली

निफाडचा पारा हिवाळ्यात राज्यात सर्वांत खाली जाणाऱ्या ठिकाणांत मोजला जातो. त्यामुळे खोली बंद, पलंगाऐवजी भिंतीकडेला खाली गादी आणि शेजारी शेगडी. उबेची गरज खरीच होती, घात केला तो जमिनीवरच्या गादीने. जमिनीवरून उठताना पोटाच्या स्नायूंवर सगळा ताण येतो, नाहीतर कुणीतरी दोन्ही हात धरून ओढावे लागते, आणि ओढले की छेदाला हिसका बसतो. दर उठण्याला कळ येते म्हणून ती उठणे टाळू लागली. उठायला नको म्हणून लघवी रोखून धरू लागली, लघवी नको म्हणून पाणी कमी केले. त्यात आजीचे बजावणे होतेच: “पाणी जास्त पिऊ नको गं, पोट सुटतं.” दिवसाला जेमतेम तीन-चार पेले पाणी, वर लोहाची गोळी. चार-चार दिवस शौचाला होईना, आणि झाली की उकिडवे बसून कुंथावे लागे. त्याचा ताण पुन्हा छेदावरच.

दुखण्याच्या गोळीचे वेगळेच झाले. ‘एसओएस’ म्हणजे अगदीच सहन होईना तेव्हा, असे तिला सांगितले गेले. दूध पाजणाऱ्या बाईने गोळ्या घेऊ नयेत असे घरात मत. त्यामुळे ती दुखणे अंगावर काढत राहिली. सिझरनंतरच्या पहिल्या आठवड्यात हे उलट असावे लागते: कळ चढायच्या आधी, ठरल्या वेळी गोळी. एकदा वेदना डोक्यावर बसली की तीच गोळी कमी काम करते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही पाजणाऱ्या आईला चालतात. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा वाढलेला रक्तदाब असेल, तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पोट जुन्या नऊवारीच्या पट्ट्याने छातीखालपासून मांडीपर्यंत आवळलेले. शेगडीच्या उबेत आत घाम, घडीत ओल, त्यावर मालिशच्या वेळी ओघळलेले तेल. गोळ्या घेण्याची पद्धतही एकमुठी: लोह आणि कॅल्शियम एकत्र, चहाबरोबर. कॅल्शियमने लोहाचे शोषण कमी होते आणि चहानेही, त्यामुळे गोळी पोटात जाऊनही तिचा फारसा उपयोग नव्हता.

पाजताना ती मांडी घालून पुढे वाकून बसे. बाळाचे वजन नेमके टाक्यांवर येई, म्हणून ती बाळ दूर धरे. मग बाळाच्या तोंडात नुसते बोंड येई, बोंडाला चिरा पडल्या आणि सातव्या दिवशी बाटली आली.

नवव्या दिवशी दुपारी छेदाच्या उजव्या कोपऱ्यातून पातळ, गढूळ पाणी येऊ लागले. परकराला वास, अंगात कणकण. रात्री ताप १००.६.

दुसरा निर्णय: थांबायचे की निघायचे

बाराव्या दिवशी बारसे ठरले होते, पाहुण्यांना निरोप गेले होते. घरात तीन मते पडली. आजीचे म्हणणे हळद आणि खोबरेल लावून बारशापर्यंत पाहू, तीन दिवसांत काय होते. आईचे म्हणणे जवळच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग करून आणू. वहिनीने जखमेचा फोटो काढून बाळंतिणीच्या नवऱ्याला पाठवला आणि सकाळी नाशिकला आणा असा आग्रह धरला.

पहिल्या पर्यायातला धोका असा की जखम वरून कोरडी दिसली तरी आत पाणी साचत राहते आणि खालच्या थराकडे पसरू शकते. वरून भुकटी किंवा तेल भरले की पाण्याची वाटही बंद होते. दुसरा पर्याय चुकीचा नव्हता. दूर राहणाऱ्या बाईने जवळचा दवाखानाच गाठावा. इथे मात्र गाडी होती, ती शुद्धीत होती, चालू शकत होती, रक्तस्राव वाढलेला नव्हता, आणि ज्यांनी ऑपरेशन केले त्यांच्याकडे त्याची नोंद होती. दहाव्या दिवशी सकाळी ती नाशिकला आली.

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणे आणि पुढच्या तासालाही तेच होणे, लिंबापेक्षा मोठी रक्ताची गाठ पडणे, एका पोटरीला सूज आणि दुखणे, धाप लागणे किंवा छातीत दुखणे, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटका येणे, खालून घाण वासाचा स्राव आणि थंडी वाजून ताप यांपैकी काहीही असते, तर अंतराचा हिशेब न करता १०८ बोलावणे हाच पर्याय उरला असता.

या सगळ्यात आशाताई कुठेच नव्हत्या. घरी नवजात बाळाची काळजी या कार्यक्रमात सिझर झालेल्या बाईकडे ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाने भेट द्यायची असते. बाई माहेरी गेली, तर भेटी दोन्हीकडच्या आशांमध्ये वाटून घेण्याची सोय आहे. पण नोंद सिडकोतली, बाळंतीण निफाडला आणि मधला फोन कुणी केला नाही. सातव्या दिवशीची भेट झाली असती, तर पट्टा, तेल आणि बाटली या तिन्ही गोष्टी दोन दिवस आधी नजरेस पडल्या असत्या.

काय केले

तपासणीत गर्भाशय दाबल्यावर दुखत नव्हते, खालच्या स्रावाला वास नव्हता, म्हणजे संसर्ग वरच्या थरातच होता. उजवीकडे ३ सेंटिमीटर जखम मोकळी करून साचलेले पाणी काढले, नमुना तपासणीला दिला, सलाइनने धुऊन आत ओलसर गॉज हलक्या हाताने बसवला. गॉज ठासून भरला की आतून भरत येणारे मांस दबते, हे ड्रेसिंग करणाऱ्याने लक्षात ठेवायचे असते. नमुन्याच्या अहवालानुसार अँटिबायोटिक बदलले.

आता रोज ड्रेसिंग लागणार, म्हणून मुक्काम सिडकोत हलवला. दोन जिने रोज उतरणे-चढणे जमेल का, ही घरच्यांना मोठी शंका होती. कठडा धरून, पायरीगणिक थांबत, दिवसातून एकदा जिना चढायला हरकत नाही. पडून राहण्यात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका अधिक. नवऱ्याने चार आठवड्यांसाठी पाळी बदलून जनरल (दिवसाची) घेतली. दिवसा मदतीला धुळ्याहून मावशी आली. बारसे सव्वा महिन्यानंतर ढकलले. पाहुण्यांना निरोप देण्याचे काम सासूबाईंनी अंगावर घेतले, ही या प्रकरणातली दिसायला लहान पण फार उपयोगाची गोष्ट.

घरात पहिला बदल झोपण्याच्या जागेचा. दीड फूट उंचीचा दिवाण शेजाऱ्यांकडून आणला. उठण्याची रीत फिजिओथेरपिस्टने दाखवली आणि मावशीकडून करवून घेतली: दोन्ही गुडघे वाकवायचे, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचे, पाय दिवाणाखाली सोडायचे, आणि खालच्या हाताच्या कोपराने व वरच्या हाताच्या पंजाने रेटत बसायचे. श्वास रोखायचा नाही, उठताना फुंकर घातल्यासारखा सोडायचा. पाठीवरून थेट उठून बसायचे नाही. खोकला, शिंक, हसू आले की उशी छेदावर दाबून धरायची. तिसऱ्या वेळी ती कुणाचा हात न धरता उठली. भारतीय संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची भाड्याने आणली.

गोळ्यांचे वेळापत्रक फ्रिजला चिकटवले. पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम तीन वेळा, पाच दिवस. त्यानंतर आयबुप्रोफेन बंद आणि पॅरासिटामॉल गरजेपुरते. पाणी दिवसाला अडीच ते तीन लिटर, पाजायला बसण्याआधी पेला हाताशी. रात्री लॅक्टुलोज (शौच मऊ करणारे औषध) १५ मिली, आठवडाभर. कॅल्शियम जेवणाबरोबर, चहा जेवणापासून दूर. बाजरीची भाकरी, शेपू, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू हे सगळे चालू ठेवले आणि त्यात वगळलेले वरण, उसळ, अंडी, फळे परत आणली. लाडू काढून टाकायला सांगणारा सल्ला घरात टिकत नाही, आणि त्याची गरजही नव्हती. डाळ परत येणे महत्त्वाचे होते.

शेगडी खोलीबाहेर गेली. बंद खोलीत कोळसा धुमसत ठेवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि लहान बाळाला तो लवकर बाधतो. उबेसाठी स्वेटर, मोजे, पांघरुणे आणि दुपारचे ऊन पुरले. पट्टा जखम भरेपर्यंत बंद ठेवला. नंतर हवा असेल तर दोन बोटे आत जातील इतका सैल, फक्त चालताना, झोपताना काढायचा. पट्ट्याने चालताना आधार वाटतो, पोट आत जात नाही.

रक्ताचा प्रश्न गोळ्यांवर सोडण्यासारखा नव्हता: तपासणीत ८.४. शिरेतून लोह देण्याचे ठरले, पण अंगात संसर्ग जोरात असताना ते देत नाहीत. म्हणून ताप उतरून जखम लाल-स्वच्छ दिसू लागल्यावर अठराव्या दिवशी फेरिक कार्बोक्सिमाल्टोज १००० मिलिग्रॅम, देखरेखीखाली, एका बैठकीत दिले.

पाजण्याच्या दोन नव्या पकडी शिकवल्या. दिवसा बाळ बगलेत, पाय मागे, डोके तळहातावर, खाली दोन उशा. रात्री कुशीवर झोपून. दोन्हींत छेदावर भार येत नाही. बोंडाबरोबर खालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे आणि हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे. बाटली एकदम न तोडता वरचे दूध वाटी-चमच्याने, दर दोन दिवसांनी कमी करत विसाव्या दिवशी बंद केले. शी-शूचा हिशेब मावशीकडे: दिवसात किमान सहा वेळा लघवी झाली की दूध पुरते आहे.

तिसरा निर्णय: रडणे नेहमीचे की आजार

बाविसाव्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी ती विनाकारण रडू लागली. घरात याला अशक्तपणा म्हणत होते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारे रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरते. इथे ते वाढत होते. बाळ झोपले तरी तिला झोप लागत नव्हती, आणि ‘मला नीट बाळंतही होता आलं नाही’ हे वाक्य ती परत परत बोलत होती. त्याला खतपाणी घालणारे लोक कमी नव्हते. पाहायला आलेल्या एका बाईने “तुझं बरंय बाई, कळा न सोसता बाळ हातात आलं,” असे ऐकवले होते. चौदा तास कळा आणि वर पोटावर छेद, हे तिच्या वाट्याला आलेले.

एडिनबरो प्रश्नावली (दहा प्रश्न, कमाल गुण ३०) मराठीतून विचारली. गुण १५ आले. १३ किंवा अधिक असले की नैराश्याची शक्यता धरून पुढची तपासणी करतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला शून्य होते, आणि म्हणूनच पुढचा पर्याय खुला राहिला. त्याला शून्याहून जास्त काहीही असते, तर एकूण गुण न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ.

पर्याय दोन: लगेच औषध, किंवा दर आठवड्याला समुपदेशन आणि झोपेची सोय करून दोन आठवड्यांनी पुन्हा गुण. तज्ज्ञांशी बोलून दुसरा निवडला, अट घालून: गुण उतरले नाहीत तर औषध, आणि पाजणाऱ्या आईला चालणारी औषधे आहेत हे तिला आधीच सांगून ठेवले. रात्री दहाला पाजून ती आतल्या खोलीत झोपे. दोनपर्यंत बाळ बापाकडे बाहेरच्या खोलीत, मध्येच उठले तर काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने. सुरुवातीला सासूबाईंना हे रुचले नाही. चौथ्या रात्रीनंतर विरोध मावळला, कारण सून सकाळी बोलू लागली. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक नवऱ्याच्या फोनमध्ये घालून दिला.

परिणाम

दर आठवड्याला उठणे, वेदना, झोप, शौच आणि पाजणे यांबद्दलचे तेच पाच प्रश्न विचारले. दहाव्या दिवशी उठायला दोन माणसे लागत, उठतानाची वेदना दहापैकी आठ, सलग झोप दीड तास, शौच चार दिवसांतून एकदा, आणि पाजताना प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी. बेचाळिसाव्या दिवशी ती एकटी उठत होती, वेदना दोन, सलग झोप चार तास, शौच रोज, पाजणे सुरळीत. जखम महिन्याभरात भरली. रक्त ११.१ झाले. बाळाचे वजन नवव्या-दहाव्या दिवशी २ किलो ७०० होते ते ३ किलो ७०० झाले. एडिनबरोचे गुण दोन आठवड्यांनी ११, दोन महिन्यांनी ६. औषधाची वेळ आली नाही.

सगळेच सुटले नाही. छेदाच्या वरची कातडी बधिर आहे. कापलेल्या बारीक नसा जुळायला महिने, कधी वर्षही लागते. पाठ दुखते आणि ती त्याचे खापर पाठीतल्या भुलीवर फोडते, पण दुखणे वाकून पाजण्याच्या सवयीशी जास्त जुळते: उशा लावल्या त्या दिवशी कमी, विसरल्या त्या दिवशी जास्त. माहेरची आई मात्र दुखावली ती दुखावलीच. लेक दहाव्या दिवशी परत नेली, हे तिला अजून लागते.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त बदल सुट्टीच्या टेबलावर होता. ‘एसओएस’ऐवजी ‘दिवसातून चार वेळा’ असे लिहिणे, धोका जास्त असलेल्या बाईला पंधराऐवजी सातव्या दिवशी बोलावणे, आणि ‘घरी झोपायला खाट आहे का, संडास कसा आहे, दिवसा जवळ कोण असेल’ हे तीन प्रश्न. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. सिस्टरने दाराशी उभ्या उभ्या सांगितलेले कुणाच्या लक्षात राहत नाही. उठण्याची रीत दवाखान्याच्या पलंगावरच, सोबतच्या बाईकडून करवून घ्यायला हवी.

रक्त ९.८ होते हे ऑपरेशनआधी माहीत होते. सातव्या-आठव्या महिन्यातच शिरेतून लोह दिले असते, तर पुढची घसरण झेपली असती. तांबी सिझरच्या वेळीच बसवता आली असती. तो विषय गरोदरपणात निघाला नाही, म्हणून आठव्या आठवड्यात वेगळी खेप झाली.

बारशाची तारीख ऑपरेशनच्या आधीच पक्की करू नये. बाराव्या दिवसाचा कार्यक्रम नेमका जखम बिघडण्याच्या काळात येतो आणि घर तीन दिवस थांबायला कारण शोधते.

नोकरीचे पाहिले तर ईएसआयकडून २६ आठवड्यांचा मातृत्व लाभ मिळतो आणि बाळंतपणातून उद्भवलेल्या आजारासाठी वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिना. तो घ्यायची वेळ आली नाही, तरी ड्रेसिंगच्या पावत्या आणि नमुन्याचा अहवाल जपून ठेवले.

पुढच्या गरोदरपणात किमान दीड ते दोन वर्षांचे अंतर आणि शस्त्रक्रिया व रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच नोंदणी, एवढे तिला लिहून दिले आहे. पुढचेही सिझरच होईल असे नाही. ते ठरवायला गर्भाशयावरचा छेद कसा होता, हे कळावे लागते. कार्डावर नुसते ‘एलएससीएस’ (गर्भाशयाच्या खालच्या भागातून सिझर) होते, म्हणून ऑपरेशन नोंदीची पूर्ण प्रत अर्ज करून मागवली आणि फाइलला लावली.